दहा दिवस हाताची घडी

विहीणबाईंनी पिशवीतून केळं काढलं, आमच्या गुंडूला गुडघ्यापुढं उभं केलं आणि बालवाडीतल्या आवाजात विचारलं, "बाळ, सांग बरं, हे काय आहे?"

गुंडूनं केळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग अंगठा ओठांना लावून मान वर केली आणि दुसऱ्या हातानं केळं बाजूला सारलं.

"हे काय चाललंय त्याचं?"

"आधी चहा, मग केळं म्हणतोय," मी म्हणाले.

"दोन वर्षांचं मूल चहा मागतं," विहीणबाई म्हणाल्या, "आणि तेही मुक्यानं."

'मुक्यानं' हा शब्द त्यांनी असा टाकला, की बशीत माशी टाकावी. माझ्या नाकाला मिरची झोंबली ती तिथंच.

विहीणबाईंनी मिरजेत तीस वर्षं बालवाडी चालवली होती. गावातली अर्धी पोरं आपण बोलती केली असं त्या सांगायच्या. उरलेली अर्धी त्यांना बघून बोबडी झाली असणार, असं मी म्हणते. मी स्वतः दुसरीपर्यंत शिकले, त्यातही दुसरीत दोनदा बसले. पण सोळा माग, बारा माणसं आणि एक नवरा एवढा संसार मी तोंडाच्या जोरावर हाकला. मला कुणी बोलणं शिकवावं, ही पाळी आयुष्यात आली नव्हती.

आमच्या इचलकरंजीच्या घरात आणि कारखान्यात एकच भिंत. सकाळी सातला पलीकडं माग सुरू झाले की खडखडाट असा, की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याच्यापर्यंत नुसती थुंकी पोचते. म्हणून मागावरची माणसं हातानं बोलतात. दोन बोटं चटकन फाकवली की तार तुटली. मनगट गोल फिरवलं की सूत संपलं, नवी कांडी आण. तळहात आडवा मारला की माग बंद कर. माझा रामलिंग त्याच आवाजात वाढला. सून निला ही विहीणबाईंची मुलगी, पण सहा महिन्यांत आमच्यासारखी झाली. संध्याकाळी माग थांबले तरी आमचे हात काही थांबत नसत. जेवताना मीठ हवं तर तोंडातला घास कशाला थांबवायचा? बोट चोळायचं, मीठ येतं.

गुंडू या घरात जन्मला. त्याचं कागदावरचं नाव शार्दूल, ते विहीणबाईंनी ठेवलेलं. दोन वर्षं उलटली तरी पोरगं तोंडातून शब्द काढत नव्हतं. हातानं मात्र सगळं सांगायचं. चहा हवा, मांजर आलं, आजोबा झोपलेत, सगळं. कान तपासून आणले होते, डॉक्टरनं ठणठणीत म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं मला काळजी नव्हती. विहीणबाईंना होती.

त्यांनी कप खाली ठेवला आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. घरातले सगळे हातानं बोलतात, म्हणून मूल हातानं बोलतं. ज्याचं हातानं भागतं तो तोंड कशाला उघडेल? माझ्या बालवाडीत पहिला धडा एकच, हाताची घडी. हात बंद केले की तोंड उघडतं. तुमच्याकडं हे होणार नाही, म्हणून नागपंचमीला मी निलाला माहेरी न्यायला येईन तेव्हा शार्दूलला घेऊन जाईन, आणि दिवाळीपर्यंत ठेवून घेईन. निला चार दिवसांनी परत येईल.

निला दारात उभी होती. तिला दोघींपैकी कुणीच काही विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत म्हणजे तीन महिने. गुंडू रात्री माझ्या कुशीत झोपायचा, सकाळी माझा पदर धरून दूध आणायला यायचा. तो नसलेलं घर मला डोळ्यांपुढं आणवेना. पण हे कुणाला सांगायचं? माझ्या तोंडून भलतंच गेलं.

"न्यायची काही गरज पडायची नाही. हाताची घडी आम्हालाबी येती. पंचमीला या, चार माणसांपुढं पोरगं शब्द बोलून दाखवंल. नाही बोललं तर खुशाल घेऊन जावा."

"स्पष्ट शब्द," विहीणबाई म्हणाल्या. "आई, बाबा, आजी हे धरायचे नाहीत. ते प्रत्येक मूल म्हणतं."

"नाही धरायचं."

पंचमीला दहा दिवस होते.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून हुकूम काढला. घरात बोलताना हाताची घडी. ज्याचा हात सुटेल त्याचा चहा बंद. गुंडूनं हातानं काही मागितलं तर द्यायचं नाही, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. तोंडानं मागंल तेव्हाच मिळंल. निलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मी तिला म्हणाले, तुझ्याच आईचं औषध आहे, गप गिळायचं.

पहिल्या दिवशी आमच्या मालकांचा चहा पाच वेळा बंद झाला. ते हात काखेत घालून बसायला लागले, आणि शिंक आली की घाबरून माझ्याकडं बघायचे. रामलिंग जेवताना मीठ मागायला विसरायचा आणि तसंच अळणी खायचा. मला वाटलं, शिस्त लागतेय.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की सगळ्यात बेशिस्त हात माझेच आहेत. घडी घालायची, एक वाक्य बोलायचं, की उजवा हात खुंट्याचं दावं तोडून वासरू पळावं तसा बाहेर. चहा तर मी माझा बंद करून घेणार नव्हते, मालकीण होते. म्हणून एक उपाय काढला. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले तांबे धरायचे आणि मग बोलायचं. दिवसभरात घरातली फरशी चार वेळा पुसावी लागली.

चौथ्या दिवशी गवळी आला. दुधात पाणी होतं, नेहमीप्रमाणं. एरवी मी त्याला असा सोलून काढते की म्हैससुद्धा खाली बघते. त्या दिवशी तांबे घेऊन दारात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि शब्दच सापडेनात. हात कमरेवर गेल्याशिवाय माझ्या जिभेला वळण येत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मी "बरं बरं" म्हणाले. चाळीस वर्षांत गवळ्यानं पहिल्यांदाच विचारलं, "अक्का, तब्येत बरी हाय न्हवं?" त्यापेक्षा त्यानं तोंडात मारली असती तर चाललं असतं.

गुंडू दुपारी कारखान्याच्या दारात बसायचा आणि माणसांशी हातवारे करायचा. म्हणून मी तिथंही घडी लावली. कामापुरते हात सोडायचे, बोलायचं झालं की घडी. पाचव्या दिवशी सात नंबरच्या मागावर तारा तुटल्या. पलीकडच्या माणसाला ते दिसलं, पण त्यानं घडी घालून "तुटलं, तुटलं" असा ओरडा केला. त्या खडखडाटात तो कुणाला ऐकू जाणार? दीड वार कापड जाळी होऊन बाहेर आलं. आमचा इस्माईल जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, शांत माणूस. तो ते कापड घेऊन माझ्यापुढं आला, ते डोळ्यांसमोर धरलं आणि त्यातून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, एवढीच जाळी विणायची असंल तर मासे धरायच्या कामाला लागतो," तो म्हणाला.

मी त्याला दोन शब्द सुनावायला गेले, पण हातात तांबे होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण सहाव्या दिवसापासून गुंडू बदलला. आधी तो खुणा करून थकायचा, रडायचा, माझा हात ओढून घडी सोडवायला बघायचा. मग त्यानं खुणा बंद केल्या. सातव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आले तर पोरगं कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेलं, आणि एवढ्याशा हातांची घडी घातलेली. मांजर येऊन अंगाला घासून गेलं, त्यानं मान वळवली नाही. मी हाक मारली. त्यानं बघितलं, आणि ओळख नसल्यासारखं पुन्हा भिंतीकडं वळला.

मालक हळूच म्हणाले, "पोरगं बोललं नाही ते नाहीच, पण होतं तेबी गेलं."

मी त्यांना म्हणाले, तुम्ही गप बसा, औषध लागू पडताना आधी ताप चढतो. पण त्या रात्री मी त्याला कुशीत घेतलं तेव्हा त्यानं घडी सोडली नाही. घडी घातलेलं पोर कुशीत घेऊन बघा एकदा. जळणाची मोळी घेतल्यागत लागतं.

पंचमी उजाडली. मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली आणि गरम पाण्याचा हंडा घेऊन न्हाणीकडं निघाले. निला गुंडूला आंघोळ घालत होती, दार आतून लावलेलं. माग सणामुळं बंद होते, घर इतकं शांत की मुंगी चाललेली ऐकू यावी. आतून निलाचा आवाज आला, "हा काय?"

आणि एक बारीक आवाज आला, "पाय."

मी हंडा अलगद खाली ठेवला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. गुंडू परातीत उभा, अंगभर साबण. तो बोटानं काहीतरी दाखवायचा, निला त्या बोटामागं जायची आणि नाव सांगायची. त्यानं फेसाला बोट लावलं. "फेस," निला म्हणाली. "फेस," तो म्हणाला. मग पोटावर बोट ठेवून तिच्याकडं बघितलं. "बेंबी." त्याला ते नाव इतकं आवडलं की तो तीनदा म्हणाला आणि परातीत फतकल मारून हसला. निलाचे हात तर असे चालत होते, जसा धोटा मागावर इकडून तिकडं. पाणी म्हटलं की हातानं पाणी, मासा म्हटलं की हाताचा मासा.

मी दार वाजवलं. आत एकदम सामसूम झाली. दार उघडलं तेव्हा दोघंही हाताची घडी घालून उभे होते, आई कोरडी आणि लेक ओला.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"तुमचा हुकूम निघायच्या आधीपासून, आत्ती. पहिला शब्द महिन्यापूर्वी आला. म्हटलं चार-पाच जमले की सांगावं. तेवढ्यात घडी लागली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

निला कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "कुणाला सांगू? तुम्हाला की आईला? दोघींनी माझ्या पोराचं ठरवलं, मला विचारलं तरी का? तो आधी हातानं विचारतो, आत्ती. बोट दाखवतो म्हणजे 'ह्याचं नाव काय' म्हणतो. नाव सांगितलं की ते उचलतो. तुम्ही सगळ्यांनी हात बांधले, बघणं सोडलं. त्याला वाटलं, ह्या घरात आता कुणी बोलतच नाही. मग तो कुणाशी बोलणार?"

मी हंडा उचलून आत ठेवला. या खेपेला दोष द्यायला हातात तांबेही नव्हते.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. विहीणबाई आल्या, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर व्याही. व्याही म्हणजे एक उंच, सडपातळ, पांढरी टोपी घातलेलं मौन. लग्नात मी त्यांच्या तोंडून 'नमस्कार' ऐकला होता, तोच पुरवून वापरत होते. विहीणबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून रंगीत तक्ता काढला, भिंतीला टेकवला, आम्हा सगळ्यांना ओळीत बसवलं आणि गुंडूला समोर उभं केलं.

"हाताची घडी," त्या म्हणाल्या. गुंडूनं घातली. आम्हीही घातली, व्याह्यांनीसुद्धा. सवय असावी.

"बाळ, हे काय आहे?" आंबा. गप्प. "हे काय आहे?" गप्प. बदक, छत्री, घर, ससा, सगळं झालं. पोरगं तक्त्याकडं बघत होतं आणि डोळे भिंतीपलीकडं गेले होते. विहीणबाईंनी तक्ता गुंडाळला. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मला कबूल करायला हवं. त्या नुसतं म्हणाल्या, "निला, त्याचे कपडे भर."

निलानं माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक होतं. हात सोडले की पोर बोलेल. पण हात सोडणं म्हणजे सगळ्यांपुढं, आणि तेही या बाईपुढं म्हणणं, की अक्काचं चुकलं. माझं चुकलं हे वाक्य मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, ते कसं लागतं तेही ठाऊक नव्हतं. निला उठली, कपाट उघडलं, आणि त्याचं पिवळं झबलं बाहेर काढलं.

"सोडा हात," मी म्हणाले.

कुणाला कळलं नाही. मी माझी घडी सोडली आणि दोन्ही हात वर केले. "माझं चुकलं. सगळ्यांनी हात सोडा."

मालकांचे हात काखेतून असे बाहेर आले, की दहा दिवसांची कोंडलेली कबुतरं. रामलिंगनं आधी दोन्ही हातांनी डोकं खाजवलं, मग गुंडूला खूण केली, ये. निलानं केली. मी केली. गुंडू एकेकाच्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं आपली घडी सोडली, माझ्याकडं बोट दाखवलं, आणि चार बोटं अंगठ्यावर पटापटा आपटायला लागला, टिटवीची चोच चालावी तशी. तोंडानं म्हणाला, "आज्जी."

खोलीत कुणी हसलं नाही. मालक छताकडं बघत होते, रामलिंग पायाकडं. तेवढ्यात मला उमगलं. माझ्या कारखान्यात माझ्यासाठी खूण होती, ती ही. किती वर्षांपासून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

"आजी धरायचं नाही, असं ठरलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती.

गुंडूला आता कुणाची पर्वा नव्हती. बोट फिरत फिरत व्याह्यांवर आलं. पुरणाच्या वाफेनं घरात उकडत होतं, घाम पुसायला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोकं असं, की तेलानं पुसलेला पितळी गडू. गुंडू त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं आपल्या डोक्यावर थापटी मारली. त्याचं जावळ नुकतंच काढलं होतं, आणि आंघोळीला निला तशीच थापटी मारून अशा डोक्याला काय म्हणतात ते सांगायची. मग त्यानं ती थापटी व्याह्यांच्या डोक्यावर मारली आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "टक्कल."

शब्द स्पष्ट होता. जोडाक्षरासकट.

विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, हा काही शब्द नाही, हा वात्रटपणा आहे, तक्त्यावर असा शब्द नसतो. मी हात कमरेवर ठेवले. दहा दिवसांचं सगळं साठलेलं जिभेवर आलं होतं, गवळ्यासकट. पण माझ्याआधी व्याही बोलले.

"शब्द आहे," ते म्हणाले. "आणि बरोबर आहे. मी साक्षीदार."

आणि त्यांनी मान आणखी खाली वाकवली, पोराचा हात नीट पोचावा म्हणून. गुंडूनं पुन्हा थापटी मारली, पुन्हा म्हणाला. चार माणसं काय, सहा होतो आम्ही.

विहीणबाई तक्ता पिशवीत घालायला लागल्या. तो जाईना. पिशवीत आधीच लहान मुलाची गोधडी होती, नवी, अजून सुईचा दोरा लोंबत होता. त्यांनी ती घाईनं आत दाबली. बालवाडी त्या वर्षीच बंद झाली होती, हे मला निलानं नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच बघितलं, की तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांना घडी घालायला लावणाऱ्या बाईला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"विहीणबाई," मी म्हणाले, "पोरगं जिंकलंय मी. ते माझंच. दिवाळीपर्यंत काही देत न्हाई. पण पंचमीची लेक रिकामी पाठवायची रीत आमच्यात न्हाई. निलाबरोबर आठ दिवस घेऊन जावा. फक्त त्याचे हात मोकळे ठेवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तो त्या हातांनी काही दाखवेल तेव्हा?"

"तेव्हा नाव सांगायचं. तुमचा धंदाच हाय की तो."

दिंडं खाऊन ते दुपारच्या एसटीनं गेले. ते आठ दिवस मी गवळ्याला, भाजीवालीला आणि इस्माईल जॉबरला इतकं बोलले की तिघांनाही बरं वाटलं.

नवव्या दिवशी निला आणि गुंडूला सोडायला व्याही स्वतः आले. डोक्याला टोपी नव्हती. मी विचारलं, टोपी कुठं राहिली. तर ते ओसरीवर बसले आणि सांगायला लागले. पहिल्या दिवशी पोरानं वीस वेळा टोपी काढली, वीस वेळा नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं टोपी लपवली, म्हणाली, कशाला मुलाचा वेळ घालवता. मग डोक्यापासून सुरू करून कपाळ, भुवई, मिशी, हनुवटी असं तिनं रोज थोडं थोडं घेतलं, तक्ता गुंडाळून ठेवून. आता गल्लीतली पोरंसुद्धा संध्याकाळी येतात. मी पायरीवर बसतो, ती रांगेनं येतात, हात लावतात, नाव सांगतात. काल भुवयांपर्यंत आली. उद्या परत जायलाच हवं मला, मिशी राहिलीय.

व्याह्यांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि बोलताना त्यांचे दोन्ही हात हवेत होते.